बोट घातल्याचं लिहिलेलं नाही

बाबा घरी आले की दोनदा खाकरायचे. एकदा अंगणाच्या तोंडाशी, एकदा उंबऱ्यावर. पहिलं खाकरणं म्हणजे मी आलो, दुसरं म्हणजे आत येतोय. दोन्हींच्या मध्ये फावडं भिंतीला टेकवल्याचा आवाज यायचा आणि मग पायांवर पाणी ओतल्याचा. पहिल्या खाकरण्याला माय चुलीवर चहाचं भांडं चढवायची आणि दुसऱ्याला पदर सारखा करायची. स्वतःच्याच घरात शिरायला या माणसाला दोन परवानग्या लागतात, म्हणून मी त्यांना चिडवायचे. ते नुसते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा खाकरायचे.

केशोरीच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या डोक्याशी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला तलाव, खाली धानाच्या बांध्या म्हणजे बांध घातलेली भातशेतं, आणि तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत कधी सोडायचं ते पाहणारा पाणकर. बाबा पाणकर होते. गावात आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाण्यावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले शेतकरी बाबांचं मात्र ऐकायचे, कारण बाबा कुणाच्याच भावकीतले नव्हते.

पाणकराचा खरा कस पावसात लागतो. तलाव भरला की खेकडे पाळीत, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधात, बिळं करतात. काही बिळं हातभर जाऊन संपतात, काही आरपार पाण्यापर्यंत पोचतात, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. आरपार गेलेलं एखादं राहून गेलं तर रात्रीतून पाळ फुटते आणि खालचं सगळं धान वाहून जातं. बाबा पाळीवर पालथे पडायचे, गाल ओल्या मातीला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि खांद्यापर्यंत हात बिळात घालायचे. बोटांच्या टोकाला गारवा लागला की म्हणायचे, "हे पानी पिऊन राहिलं." मग मुरूम आणि चिकणमाती ठोकून बीळ बुजवायचं. दुसऱ्या कुणी पाहून ठीक आहे म्हटलं, तरी हे आपला हात पुन्हा घालणारच. या एका सवयीपायी त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी दुखावलं होतं.

त्यामुळे शास्त्रातल्या सगळ्या शिष्यांमध्ये बाबांचा लाडका कोण, हे सांगायला नको. पाण्यावर चालायला निघालेला आणि मध्येच घाबरून बुडायला लागलेला तो मोठा शिष्य त्यांना आवडायचा, पण लाडका दुसराच. प्रभू मेलेल्यांतून उठल्यावर पहिल्यांदा शिष्यांना दिसला तेव्हा जो घरी नव्हता, आणि नंतर म्हणाला की खिळ्यांच्या व्रणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, तो. आमच्या प्रार्थनाघरात त्याचं नाव निघालं की लोक जरा तोंड वाकडं करायचे. बाबा म्हणायचे, "तो पानकर होता. बाकीच्यायनं आयकलं अन् मानलं. त्यानं मनलं, मी हात घालून पायतो."

"बाकीच्यायनं आयकलं नाही, पायलं," माय सुपातून तोंड वर न काढता म्हणायची. "अन् त्याच्या आधी बायायनं येऊन सांगतलं होतं, तं तुमच्या शिष्यायले ते बाष्कळ वाटलं."

"मंग सगळेच पानकर होते."

त्यांचं नेहमीचं भांडण याच शिष्यावरून. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला आणि त्या शिष्याला म्हणाला, ये, घाल बोट. मग त्यानं बोट घातलं की नाही? माय म्हणायची घातलं. बाबा म्हणायचे, घातल्याचं लिहिलेलं नाही. ते मला पान उघडायला लावायचे, मी वाचायचे, आणि खरंच लिहिलेलं नव्हतं. समोरचा म्हणतो घाल, हा म्हणतो माझ्या प्रभू, माझ्या देवा, आणि गोष्ट पुढे जाते. माय म्हणायची, लिहिलं नसलं म्हणून काय झालं, इतका बोलला तर घातलंच असणार. बाबा म्हणायचे, हात पुढे केला असेल, पण मध्येच थांबला असेल. का थांबला असेल, असं मी विचारलं की ते बिडी शोधायला उठायचे.

मी त्यांचीच लेक. गोंदियात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टरांनी कावीळ म्हटलं म्हणून मी कावीळ म्हणत नाही, बाटलीत काय आहे ते पाहून म्हणते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, तोही बाबांकडूनच आला असं माय म्हणते.

पोळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. तलाव काठोकाठ भरलेला. आमच्या शेजारचे काका, जे बाबांबरोबर पाळीवर काम करायचे आणि आमच्याच ख्रिस्ती मंडळीतले, त्यांनी एका बिळात काठी घालून पाहिली आणि सांगितलं, कोरडं आहे, राहू दे. बाबांनी राहू दिलं नाही. पालथे पडले, गाल टेकवला, डोळे मिटले, हात घातला. बिळात खेकडा नव्हता.

अर्जुनीच्या दवाखान्यापर्यंत ते पोचलेच नाहीत.

मी गोंदियाहून बल्लारशा गाडीनं आले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला दोन टिपके होते, सुई टोचल्यावर राहतात तेवढेच. मी रोज लोकांना सुया टोचते. मी त्या टिपक्यांवर माझं बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. ते बोट लाकडासारखं घट्ट आणि गार झालेलं होतं, आणि मला तिथेच सगळं पटलं. लोक रडत होते, माय रडत होती, माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला फक्त एकच विचारायचं होतं. मी काकांना गाठलं आणि म्हटलं, "बाबांनी हात बाहेर काढला तेव्हा बोटं ओली होती का?"

काका माझ्याकडे खुळ्यासारखे पाहत राहिले. "मी पायलं नाही बाई," ते म्हणाले. "मले काही दिसतच नव्हतं."

बीळ त्यांनी त्याच संध्याकाळी बुजवून टाकलं होतं. त्यामुळे ते कोरडं होतं की पाणी पीत होतं, बाबा बरोबर होते की काका, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

दफनाच्या वेळी गोंदियाहून आलेल्या पास्टरांनी नेमका तोच शिष्य काढला. न पाहता विश्वास ठेवतात ते धन्य, असं ते दोनदा म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण काकांनी मान खाली घातली आणि दोनचार जणांनी बाबांच्या पेटीकडे पाहिलं. काकांवर विश्वास ठेवला असता तर हा माणूस आज जिवंत असता, असं त्या पाहण्यात होतं. मला एवढा संताप आला की मी मूठभर मातीही टाकली नाही. बाजूला जाऊन उभी राहिले.

त्यानंतर तिसऱ्या संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना होती. लोक बरेच आले आणि चहापत्ती संपली. मी काकांच्या पोराची स्कूटी घेऊन केशोरीला गेले. त्या शिष्याची मला तेव्हापासून फार आठवण येते. प्रभू आला तेव्हा तो कुठे गेला होता, हे शास्त्रात लिहिलेलं नाही. तोही काहीतरी संपलं म्हणून आणायला गेला असेल.

मी परतले तेव्हा अंगणात कुणी बोलत नव्हतं. लाईन गेलेली. जिल्ह्यात तिरोड्याला एवढा मोठा वीजप्रकल्प, पण आमच्याकडे संध्याकाळी लाईन जायची ती जायचीच. दारात चिमणी लावली होती. काकी धावत आल्या आणि माझे दोन्ही खांदे धरून म्हणाल्या, "येऊन गेले वो बाई, तुये बाबा येऊन गेले."

गाणं चालू असताना काकांनी आधी पाहिलं. बाबा दारात उभे, खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत ओले. काका उठून उभे राहिले, मग काकींनी पाहिलं, मग एकेक करत सगळ्यांनी. गाणं संपेपर्यंत ते उभे होते आणि मग नव्हते. उंबऱ्यावर ओलं होतं, ते मला दाखवलं.

मी चहापत्तीचा पुडा हातात धरून उभी होते. मला वाटलं माझी कुणीतरी थट्टा करतंय. मी उंबऱ्यापाशी बसले, बोटानं ते ओलं पुसलं, हुंगलं, आणि सांगितलं की दाराजवळची घागर पाझरते. मग म्हटलं, "हाताला जखम होती. कोणत्या हाताला दिसली?"

काका म्हणाले उजव्या. काकी म्हणाल्या हात मागे होते. तिसरा कुणी म्हणाला डाव्या. मी हसले. वाईट हसले. म्हटलं, बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी, जेवा आता पोटभर.

मग मी मायकडे वळले. ती भिंतीला टेकून बसली होती, पदर डोक्यावर. मी विचारलं, "माय, तुला दिसले?"

"हो," ती म्हणाली. "आले होते."

बाकीच्यांशी मी भांडले असते, तिच्याशी कशी भांडणार?

त्या दिवसापासून मंडळीत माझं नाव बोटवाली पडलं. प्रेमानंच म्हणतात, पण म्हणतात. बाबा नंतरही दिसत राहिले. कुणाला पाळीवर, कुणाला प्रार्थनाघराच्या मागे, काकांना तर सगळ्यांत जास्त. मला पुढे कळलं की काकांना ते दिसायलाच हवे होते. कोरडं आहे असं सांगणारा माणूस तो. बाबा रागावून गेले नाहीत, एवढं त्यांना पाहायचं होतं, आणि मी त्याही माणसाला हसले होते.

मी आठ दिवस गावातच राहिले होते. खरं सांगते, वाट पाहिली. रोज संध्याकाळी दिवा लावून दाराकडे तोंड करून बसायचे. न मानणाऱ्याला वाट पाहता येत नाही असं लोकांना वाटतं. उलट त्यालाच ती जास्त पाहावी लागते, मानणाऱ्यांचं काम आधीच झालेलं असतं. शास्त्रातल्या त्या शिष्यासाठी आठवड्यानं कुणीतरी परत आलं, एकट्या त्याच्यासाठी, आणि म्हणालं, घाल बोट. माझ्यासाठी कुणी आलं नाही. मी गोंदियाला निघून गेले आणि मला मायचा हेवा वाटायला लागला. विधवा झालेल्या आईचा हेवा वाटणारी मुलगी मी दुसरी पाहिलेली नाही.

वर्ष गेलं. मायच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि डाव्यात उतरायला लागला. आमच्या लॅबच्या शेजारीच डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथले डॉक्टर मला रोज विचारायचे, "अम्मा को कब ला रही हो? और देर मत करो." मी फोन करायचे, माय नाही म्हणायची. दोन दिवसांचं काम होतं, तरी नाही. आधी म्हणाली धानाची रोवणी होऊ दे. रोवणी झाली तर म्हणाली निंदण होऊ दे. दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवायला जाणं तर तिनं कधीच सोडलं होतं. ती घरच सोडत नाही, असं काकी सांगायच्या. रविवारी प्रार्थनाघरात येत नाही, केशोरीच्या बाजारात जात नाही. काकी वर म्हणायच्या, "कायले येईन वो? तिले ते घरीच दिसतात."

मलाही तसंच वाटलं. मेलेला नवरा घरी येतो, मग हिला डोळा कशाला आणि लेक कशाला? आणि डोळे मात्र जात होते. आणखी काही महिन्यांत काही करता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं तेव्हा मी दोन दिवसांची सुटी टाकून गावी गेले. या वेळी उचलूनच न्यायची, असं ठरवून गेले.

दुपारी जेवायला बसलो. पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली खडा आला. दुसऱ्या घासाला दुसरा. मायनं निवडलेल्या तांदळात खडा, ही गोष्ट माझ्या जन्मात घडली नव्हती. आमच्याकडे पाहुणे म्हणायचे, हिच्या भातात डोळे मिटून तोंड घाला. मी ताटातच घास थुंकला आणि माझा तोल गेला.

"या डोळ्यांनी तुला तांदळातला खडा दिसत नाही," मी ओरडले, "आणि बाबा दिसतात? सांग ना, कसे दिसतात? कोणता सदरा घालून येतात? कोणत्या हाताला लागलेलं दिसतं?"

तिनं ताट बाजूला सारलं. मला वाटलं आता ती रडणार. ती रडली नाही.

"मले नाही दिसले," ती म्हणाली.

मला वाटलं आजचं सांगते आहे. "म्हणजे?"

"कधीच नाही दिसले. त्या दिवशीबी नाही. सगळे उठून उभे रायले, मीबी दाराकडे पायलं. दारात चिमनी होती. बाकी काही नव्हतं."

"मग हो का म्हणालीस?"

"मंग काय मनू?" ती म्हणाली. "साऱ्या गावाले दिसला, अन् बायकोले नाही? लोक काय मनतीन? काहीतरी भांडन झालं असन मनतीन. इचा विश्वास नाही मनतीन." मग माझ्याकडे न पाहता, "मलेच काऊन नाही वो? काकाले दिसले. काकीले दिसले, ती तं त्यायच्यासोबत धड बोलतबी नव्हती. मी काय केलं?"

वर्षभर मी जिचा हेवा करत होते ती हीच बाई, आणि ती माझ्याहून एकटी होती. मी निदान नाही म्हटलं होतं. हिनं सगळ्यांच्या मध्ये बसून हो म्हटलं आणि मग एकटीनं ते हो वर्षभर सांभाळलं. उठलेल्या प्रभूला डोंगरावर पाहून शिष्यांनी नमन केलं, पण काहींना संशय वाटला, असं एक वाक्य शास्त्रात आहे. पूर्वी मला त्या वाक्याचं फार हसू यायचं, समोर उभा असताना संशय कसला म्हणून. त्या काहींमध्ये मायसारखं कोण कोण असेल, हा विचार मला त्या दुपारी पहिल्यांदा आला.

"मग घर का सोडत नाहीस?" मी विचारलं. "दिसत नाहीत, तर थांबतेस कशाला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं साधंही हिला कळत नाही.

"तो शिष्य घरी नव्हता मून त्याले नाही दिसला," ती म्हणाली. "तेवढीच चूक झाली त्याची. मी बजाराले गेली, अन् तेवढ्यात आले तं?"

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. रविवार, बाजार, रोवणी, डोळ्याचं ऑपरेशन. ही वर्षभर एका माणसाची वाट पाहत दाराशी बसून होती, आणि उठली तर तेवढ्यात तो येऊन जाईल या भीतीनं उठत नव्हती. बाबांनी पाळ राखली तसं हिनं दार राखलं. मला तिला कवटाळावंसं वाटलं. त्याऐवजी मी तिच्यावर खेकसले, कारण मला तेवढंच येतं.

"आणि डोळे गेल्यावर ते दारात येऊन उभे राहिले, तर दिसणार आहेत का तुला?"

याचा मात्र तिनं विचार केला. मग म्हणाली, "मी गेली तं घरी कोन राहीन?"

"काकांना सांगू."

"काकाले नको. त्यायले सगळंच दिसते." हे ती इतक्या गंभीरपणे म्हणाली की मला हसू आलं, तिला नाही आलं. "तू राय. तू पायल्याशिवाय मानत नाही. तू आले मनलं तं मी आले मानीन. नाही मनलं तं नाही."

मी दवाखान्याच्या लाइनीतली बाई. मायच्या ऑपरेशनला मी सोबत असायला हवी, हे कुणीही सांगेल. पण दुसऱ्या दिवशी माझा नवरा गोंदियाहून येऊन तिला घेऊन गेला आणि मी गावी राहिले. निघताना तिनं मला बजावलं की संध्याकाळी दार उघडं ठेव, दाराकडे तोंड करून बस, आणि चहाची तयारी असू दे. सुटी वाढवायला मी लॅबमध्ये काय कारण सांगितलं ते विचारू नका. मेलेल्या बापाची वाट पाहायला थांबले आहे, असं काही सांगितलं नाही.

पहिली संध्याकाळ काही झालं नाही. मी मोबाइल पाहिला, डास मारले, काकी येऊन गेल्या. नवऱ्याचा फोन आला की ऑपरेशन चांगलं झालं.

दुसऱ्या संध्याकाळी लाईन गेली. मी चिमणी लावून दारात ठेवली, चुलीत जाळ घातला आणि भांड्यात पाणी ओतलं. बाहेर अजून थोडा उजेड होता. तलावाकडून बेडूक ओरडत होते. एक काडी पेटत नव्हती म्हणून मी दाराकडे पाठ करून चुलीत फुंकत होते, आणि अंगणाच्या तोंडाशी कुणीतरी खाकरलं.

गावात खाकरणारे पुष्कळ आहेत. काका खाकरतात. वाटेनं जाणारा कुणीही खाकरेल. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. माझ्या अंगावर काटा आला तो डोक्यापर्यंत गेला. उठून चार पावलं टाकली असती तर दारातून अंगण दिसलं असतं. ज्या एका गोष्टीसाठी मी वर्षभर सगळ्यांशी भांडले होते ती चार पावलांवर होती. मला वळून पाहायचं होतं. देवाशपथ सांगते, पाहायचं होतं. पण अंगणात कुणी नसलं, तर मग कधीच कुणी नसणार होतं. आणि असलं, तर मी काय करणार होते? बाबांनी ज्या प्रश्नाला बिडी शोधायला उठून बगल दिली, त्याचं उत्तर मला चुलीपुढे बसून मिळालं. हात पुढे केलेला माणूस मध्येच का थांबतो, ते मला कळलं.

मी बसूनच राहिले. पाणी उकळून उतू गेलं आणि चूल विझली. जरा वेळानं अंगण नुसतं अंगण झालं, तेव्हा मी उठले. कुणी नव्हतं. भिंतीला बाबांचं फावडं टेकलेलं होतं, ते वर्षभर तिथेच असतं.

माय तिसऱ्या दिवशी आली. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात थेंबांची बाटली. नवऱ्यानं तिला धरून आणलं. ती उंबऱ्यावरच थांबली. आत येऊन पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आले होते?"

खोटं बोलायचं नाही, एवढं मी ठरवलेलं होतं. तिनं मला त्यासाठीच तर ठेवलं होतं. म्हटलं, "माहीत नाही माय. अंगणात कुणीतरी खाकरलं. मी उठून पाहिलं नाही."

"पायलं नाही?" ती केवढ्यानं ओरडली. "मंग तुले ठेवलं कायले होतं वो?" मग तिचा आवाज उतरला. तिनं चाचपत माझा हात धरला आणि पट्टी नसलेला डोळा माझ्या तोंडाजवळ आणला. "येकदा खाकरले का दोनदा?"

"एकदाच ऐकलं."

"अंगनात? उंबऱ्यावर नाही?"

"उंबऱ्यावर नाही ऐकलं."

तिनं मोठा श्वास सोडला. "मंग ते नव्हते," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. "ते दोनदा खाकरतात. म्हंजे मी चुकली नाही. यायचेच हायेत अजून."

ती आत येऊन दाराकडे तोंड करून बसली आणि मी चहा ठेवला. पट्टी निघाली तेव्हा डोळा स्वच्छ झाला होता. आता तांदळात खडा राहत नाही.

अंगणातलं ते खाकरणं ऐकलं आणि मी दोन्ही हातांनी माझे कान घट्ट दाबून धरले होते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.